भाकऱ्या का मोडतात, आणि फोटोंचे आणखी काही प्रश्न

‘ब्लॉगवरचे फोटो’ या विषयावर प्रश्न पाठवा असं लिहिलं, आणि आलेलं टपाल पाहून वाटलं की मुंबईत वाचणाऱ्यांपेक्षा ब्लॉग लिहिणारे जास्त झालेत. निम्म्याहून अधिक पत्रांत एकच विचारणा: सगळ्यात चांगली वेबसाइट कोणती? गिरगावातल्या स्टुडिओत मी निगेटिव्हवर रिटचिंग करायचे, तेव्हा गिऱ्हाइकं अशीच विचारायची, पेन्सिल कुठली वापरता हो? साधीच असायची, टोक मात्र सुईसारखं काढलेलं.

खाली नावं येतील. त्यांतल्या कुणाचीही मी मिंधी नाही. कुठे काय फुकट आणि कशाला पैसे हे सारखं बदलतं, तेव्हा कार्डाचा नंबर टाकण्याआधी त्या साइटवरच बघून घ्या.

ताई, मी पाककृतींचा ब्लॉग लिहिते. नवरा म्हणतो फोटोशॉप शिक, मुलगी म्हणते कॅनव्हा पुरे. लॅपटॉप जुना आहे, चार जीबी रॅमचा. शिवाय माझी सोलकढी फोटोत दर वेळी जांभळट नाहीतर मातकट येते. – एक वाचक, मुलुंड

मुलीचं ऐका, पण अर्धंच. कॅनव्हा मांडणीला उत्तम. फोटो, त्यावर शीर्षक, कडेला पट्टी, इन्स्टाग्रामचा चौकोन, सगळं चहा होईस्तोवर तयार. पण फोटो मुळातच बिघडलेला असेल तर तो सुधारायला तिथली हत्यारं तोकडी पडतात. त्यासाठी फोटोपी उघडा. इव्हान कुट्सकिर या प्रोग्रॅमरनं २०१३ मध्ये सुरू केलेली साइट आहे. लेयर (म्हणजे एकावर एक ठेवलेले चित्राचे थर), कर्व्ह्ज, क्लोन स्टॅम्प ही सुधारायची हत्यारं, सगळं फोटोशॉपच्या वळणाचं, आणि फोटोशॉपची पीएसडी फाइलही उघडते. कडेला जाहिराती दिसतात, त्या चालवून घ्या. मला तिचं कौतुक वेगळ्याच गोष्टीचं आहे: तुमचा फोटो त्यांच्या सर्व्हरवर जातच नाही. सगळं काम तुमच्या ब्राउझरमध्ये, तुमच्याच मशीनवर होतं.

आणि म्हणूनच चार जीबीचा लॅपटॉप धापा टाकणार. हिशेब बघा. फोनचा बारा मेगापिक्सेलचा फोटो म्हणजे ४००० बाय ३००० पिक्सेल, आणि दर पिक्सेलला चार बाइट. फाइल भले तीन-चार एमबीची असो, उघडल्यावर तिचा एकेक लेयर मेमरीत ४८ एमबी जागा अडवतो. पाच लेयर झाले की २४० एमबी, आणि शेजारच्या टॅबमध्ये यूट्यूब चालू असतंच. तेव्हा फोटो आत घेतला की आधी हवा तेवढा कापा, मग रुंदी १६०० पिक्सेलवर आणा. तोच लेयर आठ एमबीच्या आत येतो आणि लॅपटॉप गुण्यागोविंदानं चालतो. मूळ फोटो मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये जसाच्या तसा ठेवायचा, त्याला हात लावायचा नाही.

आता सोलकढी. खोट तुमच्या ओट्यावरच्या उजेडात आहे. खिडकीतून दिवसाचा निळसर उजेड, डोक्यावर पिवळा एलईडी, बाजूला ट्यूब. तीन तऱ्हेचे उजेड एकाच वाटीवर पडले की पांढरं कशाला म्हणायचं हे कॅमेऱ्याला ठरवता येत नाही. तो मधलाच काहीतरी तोडगा काढतो, आणि तो नेमका आमसुलाच्या गुलाबीवर बेततो. दिवे बंद करा, वाटी खिडकीशी न्या, आणि चौकटीच्या कोपऱ्यात साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा ठेवा. मग फोनवर स्नॅपसीड उघडा. ही वेबसाइट नव्हे, गूगलचं फुकट ॲप आहे, पण या कामासाठी मी त्याच्याच बाजूची. तिथे व्हाइट बॅलन्समध्ये एक ड्रॉपर आहे, तो त्या कागदावर टेकवा. कागद पांढरा झाला की सोलकढीही आपल्या रंगावर येते. नंतर कागदाचा कोपरा कापून टाका. स्टीलच्या ताटावर मात्र ड्रॉपर टेकवू नका. स्टील स्वतःचा रंग सांगत नाही, समोरच्या टाइल्सचा आणि तुमच्या गाऊनचा सांगतं.

सॅच्युरेशनची, म्हणजे रंग भडक करायची, पट्टी हाताशी असते म्हणून ओढू नका. थोडी जास्त झाली की सोलकढीचं रोझ सिरप होतं, आणि वरची कोथिंबीर प्लास्टिकची दिसायला लागते.

ताई, एका साइटवर फोटोवर मराठी लिहिलं की अक्षरं मोडतात. ‘भाकऱ्या’चं ‘भाकर्या’ होतं, कुठे वेलांटी भलतीकडे जाते. फॉन्ट बदलून पाहिले, काही उपयोग नाही. – एक वाचक, लालबाग

या महिन्यातला माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

‘कि’ लिहिताना आपण हातानं आधी वेलांटी काढतो, मग क. कॉम्प्युटर उलट साठवतो: आधी क, मग वेलांटी. पडद्यावर दाखवताना वेलांटी उचलून डावीकडे नेणं, रफार वर चढवणं, जोडाक्षरं जुळवणं हे एक वेगळंच काम असतं, आणि ते फॉन्ट आणि सॉफ्टवेअर यांनी मिळून करायचं असतं. ब्राउझर ते चोख करतो. पण काही साइट फोटोवरचा मजकूर स्वतःच्या पद्धतीनं रंगवतात, तिथे ही जुळवणी होत नाही आणि अक्षरं साठवलेल्या क्रमानं एकामागे एक उभी राहतात. मग फॉन्ट कितीही बदला, काय होणार?

‘भाकऱ्या’ची गोष्ट थोडी निराळी. तो आडवा, पापणीसारखा र दोन रीतींनी टाइप होतो. एक, नुक्ता असलेला ऱ, मग हलन्त, मग य. दुसरी जुनी रीत: साधा र, हलन्त, त्यानंतर एक न दिसणारं जोडचिन्ह, मग य. जुन्या फाइलीतून किंवा कुणाच्या पोस्टमधून मजकूर उचलला की दुसऱ्या रीतीतलं न दिसणारं चिन्ह अनेकदा वाटेत गळून पडतं. मागे उरतो साधा र, आणि तो रफार होऊन डोक्यावर चढतो. तेव्हा ऱ वापरूनच लिहायचं. इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या कीबोर्डवर इंग्रजी J ची कळ दाबली की र, शिफ्टसह तीच कळ दाबली की ऱ.

कोणतीही नवी साइट वापरण्याआधी मी एक ओळ टाइप करून बघते: ‘कुर्ल्याच्या दुकानात श्रीखंड, किल्ल्यावर भाकऱ्या, ज्ञानू ऱ्हस्व लिहितो.’ अर्थाच्या मागे लागू नका. एवढी ओळ न मोडता उमटली तर त्या साइटवर मराठी चालेल. नाही उमटली तर तिथे फोटो फक्त कापायचा, अक्षरं दुसरीकडे लिहायची. दुसरीकडे म्हणजे गूगल स्लाइड्सवर. पेज सेटअपमध्ये कस्टम निवडून माप पिक्सेलमध्ये द्या, १२०० बाय ६३० (फेसबुकवर दुवा टाकल्यावर दिसणाऱ्या चित्राला हेच माप लागतं), फोटो टाका, वर मराठी लिहा आणि पीएनजी म्हणून डाउनलोड करा. दिसायला गावठी उपाय, पण भाकऱ्या शाबूत राहतात.

फॉन्टचं विचारलंत म्हणून सांगते. मुक्ता आणि बलू हे दोन्ही आपल्या मुंबईच्याच ‘एक टाइप’ या मंडळींनी केलेले आहेत, गूगल फॉन्ट्सवर आहेत, फुकट आहेत आणि धंद्यासाठीही वापरता येतात. मुक्ता सडपातळ आणि सुवाच्य, फोटोखालच्या ओळीला बरा. बलू गुबगुबीत, मथळ्याला शोभतो, पण परिच्छेदभर लिहिला तर वाचणाऱ्याला अजीर्ण होईल. पुस्तकी वळण हवं असेल तर ‘तिरो देवनागरी मराठी’ घ्या. त्यात ल आणि श आपल्या शाळेत गिरवलेल्यासारखे येतात, हिंदी वळणाचे नाहीत. डीटीपीवाल्यानं श्रीलिपीत टाइप करून दिलेला मजकूर मात्र थेट चिकटवू नका, नुसती चिन्हांची खिचडी दिसेल. आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

आणि पदार्थाचं नाव फोटोवर लिहिलंत तरी पोस्टमध्येही लिहा, फोटोच्या ऑल्ट टेक्स्टमध्येही, म्हणजे फोटोला जोडायच्या वर्णनात. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर जे दृष्टिहीन वाचक वापरतात, त्यांना फोटोवरची अक्षरं सहसा ऐकू येत नाहीत.

ऐरोली-भांडुपच्या खाडीवरचे फ्लेमिंगो मी ब्लॉगवर टाकतो. एकेक फोटो नऊ-दहा एमबीचा. मित्र म्हणतात, लोकलमध्ये पान उघडतच नाही. कुणी सांगितलं ७२ डीपीआय कर. केलं, फरक शून्य. – एक वाचक, भांडुप

फरक पडणारच नव्हता. डीपीआय ही छपाईची गोष्ट, कागदाच्या एका इंचात किती ठिपके बसवायचे त्याची. पडद्याला फक्त पिक्सेल कळतात. १२०० पिक्सेल रुंद फोटोवर ७२ लिहा नाहीतर ३००, ब्लॉगवर तो तेवढाच दिसतो आणि फाइलही तेवढीच राहते.

तुमचा फोटो बहुधा सहा हजार पिक्सेल रुंद असणार. दादरला एका हातानं वरची कडी आणि दुसऱ्यानं फोन धरलेल्या माणसाला त्याचं काय करायचंय? रुंदी १६०० करा. नंतर अगदी थोडं शार्पन करा, कारण लहान करताना पिसांची धार बोथट होते. शार्पन आधी आणि रिसाइज नंतर केलंत तर ती मेहनत वाया.

मग फाइल दाबून हलकी करायला स्क्वूश. गूगल क्रोमच्या मंडळींनी केलेली ही साइट २०१८ पासून आहे, जाहिराती नाहीत, खातं उघडायला नको, आणि इथेही फोटो तुमच्या मशीनबाहेर जात नाही. पडद्याच्या मधोमध एक उभी रेघ असते. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे दाबलेला. क्वालिटी ७५ च्या आसपास ठेवा आणि ती रेघ नेमकी फ्लेमिंगोच्या मानेवर आणा. मान आणि आकाश जिथे मिळतात तिथे कुसळांसारखे ठिपके दिसले तर ८० वर जा, नाही दिसले तर ७० करून बघा. सपाट पाण्यावर चौकोनी चट्टे उमटतात, तेही तपासा. फॉरमॅट वेबपी ठेवा. गूगलनं तो २०१० मध्ये आणला, पण ॲपलच्या सफारीनं २०२० पर्यंत त्याला दारात उभं केलं नव्हतं, म्हणून जुने जाणकार अजून जेपीजीच वापरा म्हणतात. आता ती अडचण उरली नाही. एकदम ढीगभर फोटो असतील तर टायनीपीएनजीवर टाका. नावात पीएनजी असलं तरी जेपीजी आणि वेबपीही घेते. फुकटात दर फाइलला ५ एमबीची मर्यादा आहे, पण रुंदी आधी कमी केलीत तर तिच्या आसपासही जाणार नाही.

एकच कळकळीची विनंती. गुलाबी वाढवू नका. ठाणे खाडीचं अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये ते महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय ‘रामसर’ यादीतही गेलं, तेव्हा तुमचे फोटो पक्षी ओळखायला शिकणारी मुलंही बघत असणार. कोवळ्या वयाचे फ्लेमिंगो करडे असतात. सगळ्या फोटोवर रंगाची पट्टी ओढली की तेही गुलाबी दिसू लागतात, आणि थव्यात तरुण पक्षी किती होते हे कुणालाच कळत नाही.

आमच्या चाळीवर लिहितोय. आजोबांचे जुने फोटो आहेत, काही गूगलवरून घेतलेत. त्यांवरचा वॉटरमार्क एआयनं काढून, फोटो आरशासारखा उलटा करून वापरला तर चालेल ना? फोटो कुणाचा ते खाली लिहीनच. – एक वाचक, गिरगाव

नाही चालणार. नाव लिहिणं वेगळं, परवानगी वेगळी. आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा, आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर छायाचित्राचा हक्क काढणाऱ्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. उलटा केल्यानं फोटो तुमचा होत नाही, फक्त दुकानांच्या पाट्या उलट्या वाचाव्या लागतात. विकिमीडिया कॉमन्सवर जुन्या मुंबईचे पुष्कळ फोटो आहेत. तिथे प्रत्येक फोटोखाली परवाना लिहिलेला असतो. ‘सीसी बाय-एसए’ असेल तर छायाचित्रकाराचं नाव, परवान्याचं नाव आणि दुवा द्यायचा, फोटोत बदल केला असेल तर तसं लिहायचं, आणि बदललेला फोटो त्याच परवान्याखाली ठेवायचा. नुसतं सजावटीला काही हवं असेल तर फुकट फोटोंच्या पेक्सेल्स, पिक्साबे या साइट आहेतच.

आजोबांच्या फोटोंबद्दल मला जास्त बोलायचंय. स्कॅनर नसेल तर अल्बम खिडकीशी सावलीत ठेवा, फ्लॅश बंद, फोन अगदी समांतर धरा. चकाकी आली तर अल्बम थोडा फिरवा. मग फोटोपीतला हीलिंग ब्रश घेऊन ओरखडे, बुरशीचे ठिपके, घडीची रेघ भरून काढा. ब्रश डागापेक्षा किंचितच मोठा ठेवा आणि एकेक टिचकी मारत जा. सरसर ओढलात तर भिंतीवर डाग पुसल्याचा डाग दिसेल.

चेहऱ्यापाशी थांबा. ‘एन्हान्स’ म्हणणाऱ्या एआय साइट पुसट चेहरा साफ करत नाहीत, लाखो चेहरे पाहून त्या जागी बसेल असा नवा काढतात. डोळे पाणीदार, दात एकसारखे, कातडी तुकतुकीत. दिसतं छानच, पण घरात विचारा, हे आजोबा का? नाकाचा शेंडा, एक पापणी किंचित खाली, ओठाच्या कोपऱ्यातला पान खाल्ल्याचा डाग, ओळख याच गोष्टींत असते, आणि नेमकं तेच त्या साइटला खराबी वाटतं. आम्ही पेन्सिलीनं सुरकुत्या मऊ करायचो, काही वेळा गिऱ्हाइकाच्या हट्टापायी जास्तच. पण समोरचा माणूस बदलायची मुभा आम्हाला नव्हती, कारण तो संध्याकाळी फोटो न्यायला यायचा. आजोबा काही येणार नाहीत. पुसट चेहरा पुसटच छापा, आणि फोटोखाली लिहा की ओरखडे काढले आहेत.

मुलांच्या उपक्रमांवर ब्लॉग लिहिते. फोटोवरून आमच्या घराचा पत्ता कळू शकतो का? – एक आई, विलेपार्ले

कळू शकतो. कॅमेऱ्याला लोकेशनची परवानगी दिली असेल तर फोनचा फोटो आपल्यासोबत अक्षांश-रेखांश घेऊन हिंडतो. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवला तर ती माहिती गळते, ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवला तर तशीच पोचते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये लोकेशन बंद करा. जुन्या फोटोंसाठी विंडोजमध्ये फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, आणि खाली माहिती काढून टाकायचा दुवा आहे.

पण त्याहून अधिक माहिती फोटोत उघड्यावर असते. सोसायटीचं नाव, शाळेचा बिल्ला, स्कूटरचा नंबर. त्यावर ब्लर फिरवून निर्धास्त होऊ नका, धूसर केलेली अक्षरं पुन्हा वाचता येतात. फोनमधल्या हायलाइटरनं काळं करणं तर अगदीच बेभरवशाचं. तो रंग अर्धपारदर्शक असतो, ब्राइटनेस वाढवला की खालचा आकडा वर येतो. फोटो कापता आला तर कापा, नाहीतर त्यावर भरीव चौकोन ठेवा आणि जेपीजी करूनच पाठवा.

एका साइटवर माझी सगळी डिझाइन्स आहेत. आता ती साइट अचानक पैसे मागतेय. – एक वाचक, कांदिवली

डिझाइन्स अजून उघडतायत तोवर प्रत्येकाची मोठ्यात मोठी पीएनजी उतरवून घ्या, आणि त्यांत वापरलेले मूळ फोटोही. ‘पिकनिक’ नावाची साइट आठवते का? ब्राउझरमध्ये फोटो सुधारायची काय झकास सोय होती. गूगलनं ती २०१० मध्ये विकत घेतली आणि एप्रिल २०१२ मध्ये बंद केली. २०१६ मध्ये गूगलचं फोटो सांभाळायचं पिकासाही गेलं. दोन्ही वेळा वापरणारे हळहळले, पण ज्यांचे मूळ फोटो घरच्या हार्ड डिस्कवर होते त्यांचं अडलं नाही. कोणता फॉन्ट, कोणता रंग वापरता हेही एका वहीत लिहून ठेवा, रंगाच्या सहा आकडी कोडसकट. नवीन साइटवर बस्तान बसवायला एक दुपार पुरेल.

उकडीच्या मोदकांच्या ऑर्डरी घेते. बॅकग्राउंड काढणाऱ्या साइटवर फोटो टाकला की मोदकावरची वाफ गायब होते. – एक वाचक, दादर

होणारच. रिमूव्ह डॉट बीजी काय किंवा कॅनव्हा प्रोमधली सोय काय, ही सॉफ्टवेअर वस्तूची कड शोधतात. मोदकाला कळ्या आहेत, कड आहे. वाफेला नाही, म्हणून ती मागच्या भिंतीबरोबर जाते. शिवाय रिमूव्ह डॉट बीजीवर फुकटात मिळणारं चित्र इतकं लहान असतं की ते मेन्यूकार्डावर छापायला घेऊ नका.

बॅकग्राउंड काढायच्या भानगडीतच पडू नका. मोदकांमागे गडद रंगाचा, न चकाकणारा कागद किंवा जुनी काळी ओढणी लावा. खिडकी मोदकांच्या मागच्या बाजूला, जरा तिरकी येऊ द्या. वाफेवर मागून उजेड पडला आणि पलीकडे काळं असलं की ती आपोआप दिसते. पंखा बंद. चाळणीवरचं झाकण काढायच्या आधी फोन रोखून तयार राहा, आणि झाकण दुसऱ्या कुणाला तरी उचलायला सांगा.